वाढ कुणाला दाखवायची?

‘सध्या मी स्वतःवर काम करतोय’ हे वाक्य हल्ली वारंवार कानावर पडतं. बोलणारा बहुतेक वेळा बरं कमावणारा असतो, कर्जाच्या हप्त्यांतून सुटत आलेला असतो, आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो. प्रश्न खरा आहे. त्याची टिंगल करावी असं मला वाटत नाही. पण उत्तर म्हणून तो जे करायला लागतो ते पाहिलं की शंका येते. पहाटे पाचला उठायचं, बर्फाच्या पाण्यात बसायचं, वर्षाला पन्नास पुस्तकं संपवायची, बेचाळीस किलोमीटर धावायचं, दहा दिवस मौन पाळायचं. आणि मौन सुटलं रे सुटलं की त्याबद्दल सगळ्यांना सांगायचं. पैसा आणि पद यांच्या पलीकडे जायला निघालेला माणूस जाताना मोजपट्टी मात्र बरोबर घेऊन गेला. मोजायची वस्तू तेवढी बदलली.

पलीकडे काही नाहीच, असं मला म्हणायचं नाही. सुखसोयी, प्रतिष्ठा आणि संपत्ती यांच्या पुढची वाढ ही खरी गोष्ट आहे, आणि ती ज्याच्या वाट्याला आली त्याचं आयुष्य भरून जातं. पण स्वतःकडे टक लावून बसलेल्याला ती मिळत नाही. आपल्याला अजिबात भीक न घालणाऱ्या, बाहेरच्या एखाद्या गोष्टीपाशी माणूस चिकाटीने थांबला, तर ती होते; तीही बऱ्याचदा नकळत. शिवाय ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हेही मला पटत नाही. वाढायला सवड कुणाला मिळते आणि कुणाच्या वाढीला आपण वाढ म्हणतो, हे समाज ठरवतो. सध्या तो ते फार वाईट ठरवतो आहे.

सुरुवातीला एक सोपा युक्तिवाद बाजूला करायला हवा. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हा तो युक्तिवाद. पलीकडच्या गोष्टी बोलणारे लोक नेहमी इथूनच सुरू करतात आणि आधाराला हमखास एक अभ्यास आणतात. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेल्या लोकांची तुलना न जिंकलेल्यांशी केली. जिंकलेले काही विशेष जास्त सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या छोट्या गोष्टींतला त्यांचा आनंद उणावला होता. ऐकायला फार छान. पण त्या अभ्यासात लॉटरीवाले होते अवघे बावीस. पुढे स्वीडनमध्ये याच विषयावर कितीतरी मोठा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मोठं बक्षीस लागलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढतं, आणि दहा-दहा वर्षांनीही ते टिकून असतं. रोजच्या मनःस्थितीवरचा परिणाम मात्र त्या मानाने बराच कमी.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या २०१० च्या निष्कर्षाचं असंच झालं. वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे मिळकत गेली की दिवसेंदिवसची मनःस्थिती आणखी सुधारत नाही, असं त्यांना दिसलं होतं. तो आकडा जगभर फिरला. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२१ मध्ये वेगळं चित्र मांडलं. मग दोन्ही बाजू एकत्र बसल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी मिळून लिहिलं, की असा थांबा येतो तो मुख्यतः जे आधीच सर्वांत दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत. बाकीच्यांचं सुख मिळकतीबरोबर पुढेही वाढत राहतं. (आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची दुरुस्ती विरोधकाबरोबर बसून करायला कानमन तयार झाले, हे मला त्या निष्कर्षापेक्षा मोठं वाटतं. या लेखाचा विषय खरं तर तोच आहे.)

तेव्हा पैशाने सुख मिळतं. पुष्कळांना पुष्कळ मिळतं. ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत त्याच्यापुढे ‘पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे’ म्हणणं हा निव्वळ असभ्यपणा आहे. पलीकडे जायचं ते अलीकडचं खोटं आहे म्हणून नव्हे.

मग जायचं कशासाठी? या प्रश्नाला १८२६ साली एक वीस वर्षांचा मुलगा येऊन धडकला होता. जॉन स्टुअर्ट मिल, पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला इंग्रज. बापाने तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवलेला, विशीच्या आत मोठमोठ्यांशी वाद घालणारा, समाजसुधारणा हेच आयुष्याचं ध्येय मानणारा. एके दिवशी त्याने स्वतःला विचारलं, की तुला हव्या असलेल्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या, तर तुला मोठा आनंद होईल का? आतून स्वच्छ उत्तर आलं, नाही. आणि त्याच्या आयुष्याचा पायाच खचला. पुढचे कित्येक महिने तो यंत्रासारखी कामं उरकत राहिला.

गंमत अशी, की मिल पैशाच्या मागे नव्हता. त्याचं ध्येय उदात्त होतं. तरीही ते कोसळलं. ध्येय उदात्त आहे एवढ्याने भागत नाही. ते ज्याचं आहे तो माणूस त्याच्यामागे आतून वाढलेला लागतो. मिलला सगळं शिकवलं होतं, भावना वगळून. त्याची कोंडी फुटली तीही कुठल्या निश्चयाने नाही. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप गेल्यावर घरच्यांचा आधार व्हायचं ठरवणाऱ्या मुलाचा प्रसंग आला आणि मिलच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण अजून लाकडाचा ओंडका झालेलो नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं, की सुखी तेच होतात ज्यांचं लक्ष स्वतःच्या सुखापेक्षा वेगळ्या कशावर तरी असतं. ते आत्मचरित्र १८७३ मध्ये, तो गेल्यावर आलं.

आजच्या ‘स्वतःवर काम’ करणाऱ्यांनी मिलचं हे वाक्य ऐकलेलं असतं, पण त्याचा व्हायचा तो त्रास करून घेतलेला नसतो. कारण सुखाच्या जागी ‘माझी वाढ’ हा शब्द घातला तरी ते तसंच लागू पडतं. माझ्या वाढीवर मी डोळे लावून बसलो की ती थांबते. कुंडीतलं रोप मुळं धरतंय का हे बघायला रोज उपटून पाहावं, तसा प्रकार.

हे मी सुतारकामातून शिकलो. चाळिशी उलटल्यावर, बोटांना काहीतरी काम हवं म्हणून, एका सुताराकडे आठवड्यातले दोन दिवस जायला लागलो. इतर ठिकाणी माझं बरं चाललं होतं. लोक माझं ऐकून घेत. लाकूड ऐकून घेत नाही. रेषांच्या उलट रंधा मारला की ते उचकटतं, मग तुम्ही कोण आहात, तुमचा दिवस कसा गेला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पहिले दोन महिने मी फक्त एक फळी सरळ करत होतो. सरळ झाली असं मला वाटायचं. उस्ताद गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड यायचा. ते काही बोलायचे नाहीत, फळी परत माझ्या हातात द्यायचे.

माझी पहिली प्रतिक्रिया गुण्यावर संशय घेण्याची होती! खरंच. अख्ख्या आयुष्यात मी किती वेळा असा गुण्यावर संशय घेतला असेल, हा विचार त्या दिवशी घरी जाताना डोक्यात आला. मग हळूहळू काहीतरी बदललं. फळी सरळ होण्याच्या आधी मला ती वाकडी दिसायला लागली. गुण्या न लावता, नुसत्या नजरेनं. माझ्या मते वाढ म्हणतात ती हीच. काल जे दिसत नव्हतं ते आज दिसतं. आणि त्यात सगळ्यात आधी दिसतं ते आपलं चुकलेलं.

आयरिस मरडॉक या तत्त्वज्ञ लेखिकेने हेच एका परक्या भाषेच्या निमित्ताने मांडलं आहे. रशियन शिकताना तिला जाणवलं, की आपल्यासमोर एक भक्कम रचना उभी आहे, ती आपल्यावर अवलंबून नाही आणि आपल्याकडून आदर मागते आहे. भाषेचं व्याकरण, लाकडाची रेषा, गणितातलं प्रमेय, तापाने फणफणलेलं मूल, यांतलं काहीही आपली मर्जी राखत नाही. आपण एरवी जी माणसं आणि ज्या जागा निवडतो त्या मर्जी राखणाऱ्या असतात. यश म्हणजे बव्हंशी मर्जी राखली जाण्याची सोय. म्हणून यश मिळालेल्या माणसाची वाढ खुंटते. तो आळशी होतो म्हणून नव्हे, त्याला खरं सांगणारं काही उरत नाही म्हणून.

आता प्रतिष्ठा. कौतुक वाईट असतं असं नाही, पण ते कुठे शिरतं यावर बरंच अवलंबून आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मुलांसमोर मोकळ्या वेळात रंगीत पेनं ठेवली. प्रमाणपत्राच्या कबुलीवर चित्र काढलेल्या मुलांनी आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा ओढा शाबूत होता. बिघडवलं ते बक्षिसाने नाही, बक्षिसासाठी करण्याने.

सलग किती दिवस ध्यान केलं याचा आकडा दाखवणारं अ‍ॅप म्हणजे तीच सोनेरी शिक्क्याची फीत आहे. एक दिवस चुकला, आकडा शून्यावर आला, आणि माणसाने ध्यानच सोडून दिलं, असं मी जवळून पाहिलं आहे. तो काय करत होता मग इतके दिवस? आकडा सांभाळत होता. मी त्याला हसत नाही. मी केलेला पहिला स्टूल बरेच दिवस बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेस पडेल असा ठेवला होता. डुगडुगत होता तरी.

यावर कुणी म्हणेल, की मग प्रतिष्ठा झिडकारावी. ग्रिगोरी पेरेलमन या रशियन गणितज्ञाने झिडकारली. पोंकारे अनुमान हे गणितातलं अवघड कोडं सिद्ध केल्याबद्दल २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक, गणितातला मोठा सन्मान, जाहीर झालं, त्याने नाकारलं; २०१० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, तेही नाकारलं. आणि जगाने काय केलं? सिद्धतेपेक्षा नकाराचीच चर्चा जास्त केली. त्याग हाही एक दागिना होऊ शकतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पेरेलमनने तो दागिना घातला नाही, आपण त्याच्या गळ्यात घातला. नकारात वाढ असतेच असं नाही, होकारात ती नसते असंही नाही.

हीच गफलत कष्टांच्या बाबतीत होते, आणि ती जास्त घातक आहे. ‘कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा’ या वाक्यात दिशा कुठेच नाही. बाहेर म्हणजे कुठे? त्रास झाला म्हणजे वाढ झाली असं असतं तर तुरुंगातून सगळे ज्ञानी होऊन बाहेर आले असते. शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट ब्यॉर्क यांनी नव्वदच्या दशकात ‘इष्ट अडचणी’ अशी कल्पना मांडली. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहणं, एका दमात घोकण्यापेक्षा मध्ये खंड पाडून शिकणं, हे अवघड जातं पण पक्कं होतं. त्यांच्या कल्पनेतला महत्त्वाचा शब्द ‘अडचणी’ नाही, ‘इष्ट’ आहे. खोलीत गोंगाट केला तरी अभ्यास अवघड होतोच; त्याचा शिकण्याला उपयोग शून्य. जी अडचण त्या विषयाच्या पोटातून येते ती कामाची. वरून लादलेली अडचण म्हणजे नुसता छळ. आणि सुखवस्तू माणसाने हौसेने केलेला छळ म्हणजे खेळ. खेळायला हरकत नाही, फक्त त्याला साधना म्हणू नये.

तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइनचं आयुष्य मला या बाबतीत राहून राहून आठवतं. बाप ऑस्ट्रियातल्या पोलाद उद्योगातला बडा माणूस. १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धातून परतल्यावर, लुडविगने वाट्याला आलेली सगळी संपत्ती भावंडांच्या नावे करून टाकली. तत्त्वज्ञानात आपल्याला सांगायचं ते सांगून झालं असं समजून तो १९२० पासून दूरच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मास्तरकी करायला गेला. पैसा सोडला, पद सोडलं, सुख सोडलं. पलीकडे जाण्याची व्याख्याच करायची तर त्याचं नाव घ्यावं. आणि तिथे त्याने काय केलं? मुलांसाठी झटला, त्यांच्याकरता शब्दकोश तयार केला, तो १९२६ मध्ये छापूनही आला. आणि मुलांना बडवलंही. गणितात अडखळणाऱ्या लहान पोरींनाही. त्याच वर्षी त्याने डोक्यात मारलेला एक मुलगा वर्गात कोसळला. विटगेनस्टाइन नोकरी सोडून निघून गेला.

संपत्तीवर पाणी सोडणं त्याला जमलं होतं. समोरच्या अडखळणाऱ्या पोराजवळ धीराने बसणं जमलं नव्हतं. सगळं सोडूनही अहंकार जागेवरच होता, उलट त्यागाने त्याला धार आली असावी. जो स्वतःशी इतका कठोर वागतो तो इतरांशी मऊ का वागेल? कठोर साधना करणाऱ्यांच्या घरची माणसं याची साक्ष देतील, त्यांना कुणी विचारलं तर.

दहाएक वर्षांनी, तोवर तो केंब्रिजमधला नावाजलेला तत्त्वज्ञ झाला होता, तेव्हा तो पुन्हा त्या खेड्यात गेला. ज्या मुलांना मारलं होतं त्यांच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. काहींनी मोठ्या मनाने दिली. एका घरी, म्हणतात, त्याला तुटक ‘बरं, बरं’ एवढंच ऐकायला मिळालं. १९१९ च्या त्यागाची गोष्ट सगळे सांगतात. माझ्या हिशेबी तो वाढला असेल तर त्या दारांवर उभा राहून वाढला. तिथे टाळ्या नव्हत्या, आणि समोरच्याने माफ करावं ही सक्तीही नव्हती.

इथपर्यंत मी एकेका माणसाबद्दल बोललो. पण हा विषय एकेका माणसावर सोडला की तो लगेच ऐपतीचा विषय होतो. आठवड्यातले दोन दिवस मी सुताराकडे जाऊ शकलो, कारण माझी नोकरी मला तेवढी सवड देत होती आणि घरचा बराच भार दुसरं कुणी उचलत होतं. तो सुतार मात्र त्या दोन दिवसांतही पोटासाठीच काम करत होता. त्याला व्याकरण शिकायची हौस असती तर?

१८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला. त्या काळच्या कामगारांची मागणी होती, आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि आठ तास आमच्या मनाचे. तिसरे आठ तास मला फार मोलाचे वाटतात. ते झोपेसाठी नव्हते, झोपेचे वेगळे मागितले होते. दगड फोडणाऱ्या माणसांना दगडापलीकडचं काहीतरी हवं होतं, आणि ते त्यांनी उपदेश म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितलं. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीचं आणि फुरसतीचं आहे. सव्विसावं सांगतं, की शिक्षणाचा रोख माणसाच्या व्यक्तिमत्त्वाच्या पूर्ण विकासाकडे हवा. नोकरीकडे, असं तिथे लिहिलेलं नाही. १९३० साली अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तर अंदाज बांधला होता, की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचं काम पुरेल, आणि मग मिळालेल्या मोकळ्या वेळाचं करायचं काय, हीच माणसापुढची खरी अडचण ठरेल. शंभर वर्षं भरत आली. ती अडचण फारशी कुणाला पडलेली दिसत नाही.

उलट झालं असं, की ‘वाढ’ हा शब्दच कचेऱ्यांनी उचलला. ‘इथे तुम्हाला ग्रोथ मिळेल’ म्हणजे पगार बेताचा असेल. ‘कम्फर्ट झोन सोडा’ म्हणजे दोघांचं काम एकाने करा. माणसाच्या आतल्या ओढीला असं कामाला जुंपणं हा चलाखपणा आहे, आणि तो खपतो, कारण ती ओढ खरी असते.

शिडीच्या भाषेत विचार करणारे म्हणतील, की आधी पोट, मग छप्पर, मग मान, आणि शेवटी आत्मविकास. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांचा गरजांचा तो प्रसिद्ध पिरॅमिड. पण १९४३ च्या त्यांच्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, आणि हा क्रम ताठर नसतो हेही त्यांनी तिथेच म्हटलं आहे. ते बरंच झालं, कारण शिडीचा अर्थ असा निघतो की गरिबाला आतलं आयुष्य नसतं. हे धादांत खोटं आहे. उपाशीपोटी माणसं गातात, दिव्याखाली अक्षरं गिरवतात, शेजाऱ्यासाठी जीव टाकतात. पण म्हणून त्यांना उपाशी ठेवायला हरकत नाही, असा उलटा अर्थ काढणारेही आहेत. काही माणसं वादळातही दिवा जपतात, हे वादळाच्या बाजूने केलेलं समर्थन होऊ शकत नाही.

सुखसोय ही वाढीची शत्रू नाही. ती पायाखालची जमीन आहे. जमिनीवर उभं राहायचं असतं, तिला डोक्यावर घेऊन नाचायचं नसतं, एवढंच. आणि ती जमीन सगळ्यांना मिळावी ही मागणी आणि त्यापुढे माणसाने वाढावं ही अपेक्षा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पाथरवटांना ते कळलं होतं.

असं काही प्रत्यक्षात आणता येतं का? डेन्मार्कने आणलं. ग्रुंटविग नावाच्या पाद्री-कवीच्या कल्पनेतून १८४४ साली रोडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. प्रौढ माणसांनी काही महिने एकत्र राहायचं. इतिहास, भाषा, गाणी शिकायची, वाद घालायचे. सुरुवातीला येत ती प्रामुख्याने शेतकऱ्यांची मुलं. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही. या शाळा आजही आहेत, सरकार त्यांना पैसे देतं, आणि परीक्षा आजही नाहीत. बाहेर पडताना हातात दाखवण्यासारखं काही मिळत नाही, आणि तरीही सरकारी तिजोरीतून खर्च होतो, ही गोष्ट मला जवळजवळ अद्भुत वाटते. आपल्याकडे शिकवणीचा साधा वर्गसुद्धा शेवटी प्रमाणपत्र देऊनच सुटतो.

एक आक्षेप मात्र मी सहज उडवून लावणार नाही. महत्त्वाकांक्षी माणसं नसती तर पूल झाले नसते, लसी निघाल्या नसत्या. नाव व्हावं या इच्छेने जगातलं पुष्कळ चांगलं काम झालं आहे. मान्य. मिलनेही सुधारणांसाठी लढणं सोडलं नाही, विटगेनस्टाइनही विद्यापीठात परतला. मला नाव होण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या कामाला नाव मिळूच शकत नाही त्याचं आपण काय करतो, याबद्दल.

अंथरुणाला खिळलेल्या आईचं किंवा बापाचं कुणीतरी तीन-चार वर्षं करतं. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते. रात्री कुठल्या कण्हण्याला उठायचं आणि कुठल्या नाही, हे तिला कळू लागतं. ज्याचं बोलणं गेलं आहे त्याच्या भुवईवरून पाणी हवंय की कूस बदलायची आहे, हे ती ओळखते. आपल्याला राग येतो आणि तो या माणसावर नाही, हे तिला एका मध्यरात्री समजतं, आणि दुसऱ्या मध्यरात्री ती ते विसरते, आणि पुन्हा शिकते. लाकडाच्या रेषेपेक्षा, रशियन व्याकरणापेक्षा हे अवघड आहे. समोरचं माणूस मर्जी राखत नाही. कधी ओळखतही नाही. बर्फाच्या पाण्यातून कुणी केव्हाही उठू शकतं. इथून उठता येत नाही. या कामाचा गौरव करायचा मोह होतो, पण गौरवाच्या नावाखाली ते तिच्याच गळ्यात कायमचं बांधलं जातं, हेही आपण पाहत आलो आहोत. तिला गौरव नको असतो. चार तासांची झोप आणि आळीपाळीला एक माणूस हवा असतो.

मग ते आजारपण संपतं, जसं संपायचं तसं. सहा-आठ महिन्यांनी ती नोकरीला अर्ज करते. टेबलापलीकडे तिघं बसलेले असतात. भिंतीवर शिकत राहण्याबद्दलचं एखादं वचन चौकटीत लावलेलं असतं. तिघांपैकी एकजण तिचा कागद वरखाली पाहतो आणि मधल्या तीन वर्षांच्या मोकळ्या जागेवर पेनाचं टोक ठेवून विचारतो, ‘या काळात काही केलं नाहीत?’

ती म्हणते, ‘नाही. घरी होते.’